‘इतला पैसा कसाना?’ : कारागिराला दराबद्दल विचारावं का, आणि कसं

मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात कुणाची विहिरीतली पंपाची मोटार जळाली, की त्याला घासाघीस करायला वेळ नसतो. केळी उभी असते, पारा ४५ च्या आसपास असतो आणि पाण्याला खाडा पडून चालत नाही. मोटार काढणारी टोळी येते, एकेक पाइप वर येतो, मोटार वाइंडरच्या, म्हणजे जळालेली तार काढून नवी भरणाऱ्याच्या, दुकानात जाते. दोन-तीन दिवसांनी आकडा कानावर पडतो. यावलकडचा माणूस म्हणतो, “एवढे पैसे कशाचे, भो?” धुळ्यातल्या साक्री-शिंदखेड्याकडचा अहिराणीत म्हणतो, “इतला पैसा कसाना?”

प्रश्न रास्त आहे, पण विचारायची वेळ गेलेली असते. मोटार भरून झाली, तार आत गेली, पाणी तर आजच पाहिजे. आता त्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, फक्त चिडचिड मिळते. दोनशे-पाचशे कमी होतात, दोघंही मनात खट्टू होतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाइंडर, मिस्त्री, फोटोवाला, शिंपी, आचारी, सीए, वकील अशी स्वतःच्या हातावर किंवा डोक्यावर कमावणारी माणसं आपले दर स्वतःच ठरवतात. त्यांच्या कामावर छापील किंमत नसते. बिस्किटाच्या पुड्यावर एमआरपी असते, कारण पाकीटबंद मालावर ती छापणं कायद्यानं सक्तीचं आहे. सेवेला एमआरपी नाही. मग गिऱ्हाईकानं दराबद्दल विचारावं की नाही? माझं म्हणणं असं, की विचारावंच. पण ‘तू किती कमावतोस’ हा एक प्रश्न आहे आणि ‘मी कशाकशाचे पैसे देतोय’ हा दुसरा. पहिल्याशी आपला संबंध नाही. दुसरा पूर्णपणे आपला आहे. आपल्याकडे लोक बहुतेक वेळा पहिला विचारतात आणि दुसरा विचारायचं राहून जातं.

तीनशे रुपये कुठून आले

आधी कारागिराच्या बाजूनं हिशेब करून बघू. आकडे कल्पनेतले आहेत, पण तुमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला दाखवलेत तर तो मान डोलावेल.

समजा जळगावात एकटा काम करणारा एक वायरमन आहे. घर चालवायला त्याला महिन्याला २५,००० रुपये हवेत. गाडीचं पेट्रोल आणि देखभाल ४,०००. हत्यारं, मोबाइल, किरकोळ २,०००. उधारी बुडते ती साधारण २,०००. झाले ३३,०००. तो महिन्याचे २६ दिवस काम करतो. पण दिवसातले सगळे तास पैशाचे नसतात. महाबळहून पिंप्राळ्याला जायचं, तिथून परत दुकानात सामान घ्यायला यायचं, कुणी फोन करून बोलावून घरीच नसतं, कुणी नुसता अंदाज विचारून ‘सांगतो’ म्हणतं. ज्याचे पैसे मिळतात असे तास दिवसाला साडेचारच धरा. महिन्याचे ११७ तास. ३३,००० भागिले ११७ केलं तर तासाला साधारण २८० रुपये पडतात.

हेच २५,००० नोकरीत मिळवणाऱ्याचे २६ दिवसांचे आठ तासांप्रमाणे २०८ तास होतात, म्हणजे तासाला १२०. दोघांच्या घरात तेवढेच पैसे जातात. तरी एकाचा तास १२० चा आणि दुसऱ्याचा २८० चा, कारण नोकरदाराचा रिकामा तास मालक भरतो. वायरमनचा रिकामा तास भरतो कोण? ज्याच्याकडे काम निघालं तो गिऱ्हाईक. ‘दहा मिनिटांचं काम आणि तीनशे रुपये’ ही तक्रार करताना आपण ती दहा मिनिटं मोजतो, त्याच्या येण्या-जाण्याचा तास मोजत नाही. शिवाय त्याला पीएफ नाही, आजारपणाची रजा नाही, आणि आषाढात काम निम्म्यावर येतं ते वेगळंच.

म्हणजे विझिट चार्ज, नुसतं घरी येण्याचे पैसे, ही लूट नव्हे. हे एवढ्या ठासून सांगतोय, कारण पुढचं सगळं वाचून कुणी उद्या सकाळी आपल्या प्लंबरची उलटतपासणी घेऊ नये.

आता दुसरी बाजू. हा हिशेब फार थोडे लोक खरंच मांडतात. बाकीचे शेजारचा काय घेतो ते बघतात, गिऱ्हाईकाच्या घराचं फाटक बघतात, दारातली गाडी बघतात आणि आकडा बोलतात. आपल्याकडेच असं चालतं असं समजायचं कारण नाही. अमेरिकेत संशोधकांनी गॅरेजांना फोन लावून गाडीच्या एकाच दुरुस्तीचा दर विचारून पाहिला. आपल्याला बाजारभाव माहीत नाही असं जाणवू देणाऱ्या बायकांना तसंच बोलणाऱ्या पुरुषांपेक्षा जास्त दर सांगितला गेला. पण ‘मला साधारण इतका खर्च येईल असं कळलंय’ एवढं वाक्य जोडल्यावर बायका-पुरुषांतला फरक उरला नाही. हुज्जत नाही, दटावणी नाही, नुसती कानावर आलेली रक्कम बोलून दाखवली. आपल्याकडच्या ताईंनी हे लक्षात ठेवावं. कूलरवाल्याला फोन करायच्या आधी शेजारच्या दोन घरी विचारून घेतलं तरी काम होतं.

रोजानं की उक्तं

दर किती, याच्याआधी दर कशावर आहे ते विचारायला पाहिजे. आपण हे सगळ्यात कमी विचारतो, आणि भांडणं सगळ्यात जास्त इथेच होतात.

मिस्त्री रोजानं काम करतो किंवा उक्तं, म्हणजे सगळ्या कामाचा एकच आकडा ठरवून, घेतो. रोजानं घेतलं तर काम लांबल्याचा भुर्दंड तुमच्यावर. उक्तं दिलं तर तो त्याच्यावर, आणि म्हणून त्याला घाई. प्लास्टर वाळायच्या आत रंगाचा हात मारला जातो तो उक्त्या कामात. दुपारी दोनच्या चहाचा तास होतो तो रोजाच्या कामात. यातलं काही वाईट माणसांचं लक्षण नाही, दराची पद्धतच तसं वागायला लावते. म्हणून ज्या कामात वेळेपेक्षा निगुती महत्त्वाची, जसं गच्चीचं वॉटरप्रूफिंग किंवा जुन्या घराच्या भिंतीची डागडुजी, ते रोजानं द्यावं आणि समोर उभं राहावं. ज्यात किती काम आहे ते दोघांनाही डोळ्यांनी दिसतं, ते उक्तं द्यावं.

वायरिंग पॉइंटवर असतं, फरशी फुटावर, आचारी माणशी किंवा पदार्थाच्या वजनावर, फोटोवाला पॅकेजवर. प्रत्येकात एक झाकलेली जागा असते. पॉइंट म्हणजे काय? एका स्विच बोर्डावर तीन बटणं आणि एक प्लग असेल तर तो एक पॉइंट की चार? भिंत फोडायचं आणि नंतर बुजवायचं काम पॉइंटात धरलंय का? फुटावर फरशी लावताना जिन्याच्या पायऱ्या आणि कडेची पट्टी त्याच दरात की वेगळ्या? आचाऱ्याच्या माणशी दरात भांडी घासणाऱ्या बायका, वाढपी, गॅसच्या टाक्या येतात की नाही? फोटोवाल्याच्या पॅकेजात अल्बम किती पानांचा, आणि सगळे मूळ फोटो मिळणार की त्यानं निवडलेलेच?

असे प्रश्न विचारले तर कुठलाही सरळ माणूस रागावत नाही. उलट सुटतो. ‘दादा, जिना तुमच्या दरात धरलाय ना?’ एवढ्या एका वाक्यानं चाळीसगावपासून शहाद्यापर्यंत निम्मी भांडणं मिटतील असं मला वाटतं.

जे दिसत नाही तिथे

आता मोटारीकडे येऊ, कारण खरा गुंता तिथे आहे.

शिंप्यानं शर्ट बिघडवला तर घालून बघताच कळतं. आचाऱ्याचं वरण बेचव झालं तर पहिल्या घासाला कळतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या भावकीला कळतं. अशा कामात दराबद्दल फार खोदून विचारायची गरजच नसते. त्याच्या हातचं आधी कुणी खाल्लंय ते विचारलं की झालं. पण काही कामं अशी असतात, की ती झाल्यावरसुद्धा ती गरजेची होती का, आणि नीट झाली का, हे आपल्याला कळत नाही. मोटारीचं बेअरिंग खरंच गेलं होतं? एसीत गॅस खरंच कमी होता? दाताची मुळं साफ करायलाच हवी होती? सांगणारा तोच, दुरुस्त करणारा तोच आणि पैसे घेणाराही तोच. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थतज्ज्ञांनी १९७३ साली हा प्रकार वेगळा काढून दाखवला. अशा वस्तू आणि सेवा फक्त विश्वासावर विकल्या जातात. तुलना करायला गिऱ्हाईकाच्या हातात काही नसतं.

वाइंडरच्या टेबलावर काय चालतं ते जरा जवळून बघा. मोटार उघडली की जळक्या आवरणाचा उग्र वास येतो. स्टेटरच्या, म्हणजे मोटारीतल्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचांतून काळी पडलेली तार कापून ओढून काढतात. कारागीर जुने वेढे मोजतो, तारेची जाडी मोजतो, कारण नवीन तार तेवढ्याच जाडीची आणि तेवढ्याच वेढ्यांची हवी. खाचा साफ करून त्यांत इन्सुलेशन बसवतो. आत पाणी भरलेल्या सबमर्सिबल (पाण्यात बुडवून चालवायच्या) मोटारीत प्लास्टिकचं आवरण असलेली तार लागते. तिचा एकेक वेढा हातानं खाचेतून ओवायचा असतो. ओवताना आवरण कुठे खरवडलं, तर मोटार आज चालेल आणि पंधरा दिवसांनी विहिरीत पुन्हा जळेल. शेवटी मेगर नावाचं मीटर लावून इन्सुलेशन तपासतात. हे काम घाईचं नाही, आणि चांगल्या वाइंडरच्या बोटांत ते वर्षानुवर्षांनी उतरतं. त्याच्या मजुरीवर माझा आक्षेप कधीच नाही.

पण त्या टेबलाखाली एक पोतं असतं. त्यात जुनं तांबं जातं. ते कोणाचं?

मोटार तुमची, म्हणजे तांबं तुमचं. काही दुकानांत मात्र ते दुकानातच राहतं, आणि गिऱ्हाईकाला ते आठवतही नाही. कल्पनेतलेच आकडे घेऊ. एक वाइंडर म्हणतो, ४,५०० रुपये. दुसरा म्हणतो, ६,०००, पण जुनी तार घेऊन जा. आपण पहिल्याकडे जातो. जुनी तार चार किलो निघाली आणि भंगारात किलोला ५०० रुपयांनी गेली, तर २,००० रुपये होतात. दुसऱ्याचं काम तुम्हाला ४,००० ला पडलं असतं. पहिल्याचं ४,५०० ला पडलं. महाग वाटणारा स्वस्त होता. पहिला वाइंडर लबाड आहे असं मुळीच नाही. जुनं तांबं आपल्याकडे राहणार हे धरूनच त्यानं दर कमी सांगितला असेल. पण हे दोघांना आधी माहीत असलं पाहिजे.

म्हणून मोटार देतानाच विचारायचं. तार तांब्याचीच ना, किती जाडीची, साधारण किती वजनाची, जुनी कोणी ठेवायची? बुश किंवा बेअरिंग बदललं तर जुनं मला परत द्याल ना? या शेवटच्या प्रश्नासारखं स्वस्त औषध दुसरं नाही. जुना भाग परत मागणाऱ्याच्या मोटारीतलं चांगलं बेअरिंग विनाकारण बदलायला कुणी सहसा धजत नाही. आणि हो, मोटार जळाली कशानं तेही विचारा. विजेच्या तीनपैकी एक फेज गेला होता, की पाणी खाली गेल्यावर कोरडी फिरली, की व्होल्टेज कमी होतं? कारण तेच राहिलं तर नवी तारही जळेल, आणि मग ‘तुझं काम कच्चं’ आणि ‘तुमची लाईट खराब’ हा वाद गावभर चालेल.

अशा न दिसणाऱ्या कामात गिऱ्हाईक बेफिकीर आहे हे कळलं की बिल फुगतं, याचाही पुरावा आहे. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या संशोधकांनी संगणक मुद्दाम एकाच प्रकारे बिघडवून दुरुस्तीच्या दुकानांत दिले. काही ठिकाणी नुसतं ‘दुरुस्त करा’ म्हटलं, काही ठिकाणी ‘खर्च विमा कंपनी देणार आहे’ असं सहज बोलून ठेवलं. दुसऱ्या गटाचं सरासरी बिल ८० टक्क्यांहून जास्त वाढलं. बिघाड तोच होता. २०१६ साली हे प्रसिद्ध झालं. गाडीच्या अपघातानंतर गॅरेजवाला सगळ्यात आधी ‘इन्शुरन्स आहे ना?’ असं का विचारतो, त्याचं एक उत्तर यात सापडेल.

टक्क्यांचं कोडं

जळगाव म्हटलं की सोनं आलंच. लग्नसराईत आजूबाजूच्या जिल्ह्यांतून, मध्य प्रदेशातूनही लोक इथे दागिने घ्यायला येतात. तिथे घडणावळ अनेकदा टक्क्यांत सांगतात. समजा एक तोळ्याचा दागिना आहे आणि घडणावळ १२ टक्के. सोनं ६०,००० रुपये तोळा असताना घडणावळ झाली ७,२००. सोनं १,२०,००० झालं, घडणावळ झाली १४,४००. नक्षी तीच, कारागीर तोच, त्याचे तासही तेवढेच. मग मजुरी दुप्पट कशी?

थोडी बाजू सोनाराचीही आहे. घडवताना सोन्याची घट होते, आणि ती घट सोन्याच्याच भावानं मोजावी लागते. भांडवलही जास्त अडकतं. म्हणजे टक्क्यातला घटीचा भाग सोन्याबरोबर वाढणं समजू शकतं. हाताच्या मजुरीचा भाग का वाढावा, हे विचारायला हरकत नाही. ‘घडणावळ ग्रॅमवर सांगा, आणि घट वेगळी सांगा’ असं म्हणून बघा. काही जण सांगतील, काही नाही सांगणार. पण टक्का हा दर दिसायला लहान आणि वाढायला मोकळा असतो. घर बांधताना आर्किटेक्टची फी बांधकामाच्या खर्चाच्या टक्क्यात ठरली असेल तर तिथेही हेच. खर्च आटोक्यात ठेवण्यात त्याचा फायदा काय, हा प्रश्न फी ठरवतानाच मनात यायला हवा.

अडीनडीचा दर वेगळा असतो, तो असावाही. अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर किंवा दाट तिथीला आचारी, मंडपवाला, बॅण्डवाला जास्त घेतो, कारण त्या दिवशी तुमचं काम घेणं म्हणजे दुसरं सोडणं. रात्री अकराला आलेल्या वायरमननं दीडपट मागितले तर द्यावेत. फरक एवढाच बघायचा, की त्यानं यायच्या आधी सांगितलं की पंखा उघडून ठेवल्यावर. उघडलेल्या पंख्याजवळ उभं राहून जो दर वाढतो, तो तुमच्या अडचणीचा दर असतो. आणि कूलरची मोटार फेब्रुवारीत तपासून घेतली, तर या परिच्छेदाची गरजच उरत नाही.

घासाघीस आणि विचारणा

या दोन्ही गोष्टी एक नाहीत. घासाघिशीत आपण आकड्याशी भांडतो. दोन हजार म्हणाला, बाराशेला दे, चल पंधराशे. यात पाचशे वाचले असं वाटतं, पण ते कुठून गेले ते कळत नाही. कधी तारेची जाडी कमी होते, कधी रंगाचा दुसरा हात जातो, कधी काहीच जात नाही, कारण तुम्ही घासाघीस करणार हे धरून पाचशे आधीच चढवलेले असतात. मग जो घासाघीस करत नाही त्याला चढवलेला दर भरावा लागतो. आणि पहिल्यापासून सरळ दर सांगणारा कारागीर महाग ठरतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हेच दाखवलं होतं. चांगलं-वाईट गिऱ्हाईकाला ओळखता आलं नाही, तर तो सगळ्यांना मधला भाव देतो. त्या भावात चांगला माल परवडत नाही आणि तो बाजारातून निघून जातो. २००१ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. आपल्या गावातले चांगले मिस्त्री सुरतेला का जातात, त्याची कारणं अनेक आहेत. पण चांगल्या हाताला इथे वेगळा भाव मिळत नाही, हे त्यातलं एक असावं असा माझा अंदाज आहे.

विचारणेत आपण आकड्याच्या आत बघतो. ‘पंधराशेत करायचं असेल तर यातलं काय कमी करता येईल?’ हा घासाघिशीचा सभ्य भाऊ. मग तो सांगतो, की कंपनीची तार न वापरता साधी वापरू, किंवा तुम्ही सामान आणून द्या, माझी मजुरी तेवढी द्या. निर्णय तुमचा आणि डोळसपणे घेतलेला.

एक गोष्ट मात्र खटकते. आपण प्रश्न विचारतो कोणाला? लग्नात किंवा अखाजीला खापरावरचे मांडे करायला बाई बोलावतात. तिची कणीक मळण्याची ताकद बघा. हातावर फिरवत फिरवत ती पोळी कोपराच्या वर नेते, न फाटता पालथ्या खापरावर टाकते, आणि पुढची घेते. खाली चूल धगधगत असते. पुरण तुमचं, कणीक तुमची, जळण तुमचं, म्हणजे तिच्या दरात मजुरीशिवाय काही नाही. विचारण्यासारखं झाकलेलं काहीच नाही, सगळं अंगणात सगळ्यांसमोर चाललंय. तरी ‘मावशी, नगामागे एवढे?’ म्हणून तिच्याशी वाद घालणारे लोक मी पाहिलेत. तेच लोक खासगी दवाखान्याच्या बिलातली ‘इतर’ नावाची ओळ गुपचूप भरून येतात. जिथे काही दिसत नाही तिथे गप्प आणि जिथे सगळं दिसतं तिथे कडक, असा आपला उलटा कारभार आहे. खुर्ची, टेबल आणि इंग्रजी पाटी असली की आपला ‘कसाना’ घशातच राहतो.

कायदा काय म्हणतो

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, लागू झाला जुलै २०२० पासून. त्यात ग्राहकाच्या हक्कांमध्ये सेवेचा दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे किंमत विचारणं हा आगाऊपणा नाही. पण सेवा देणाऱ्यानं त्यात आपला नफा किती ते उघड करावं, असं हा कायदा म्हणत नाही.

मुद्द्याची गोष्ट पुढे आहे. ‘दर फार जास्त आहे’ एवढीच तक्रार या कायद्यात टिकायला अवघड. ठरलेल्या किमतीपेक्षा, लावलेल्या दरपत्रकापेक्षा किंवा कायद्यानं ठरवून दिलेल्या किमतीपेक्षा जास्त घेतले, तर ती तक्रार होते. म्हणजे आधी काहीतरी ठरलेलं असलं पाहिजे, आणि ते दाखवता आलं पाहिजे. तोंडी ठरलेलं सिद्ध करणं जड जातं. त्यासाठी स्टॅम्प पेपर लागत नाही. ‘भाऊ, आपलं ठरल्याप्रमाणे वायरिंग ४० पॉइंट, भिंत बुजवण्यासकट, सामान माझं, मजुरी अमुक, निम्मे आता निम्मे काम झाल्यावर. बरोबर ना?’ असा व्हॉट्सॲपवर एक मेसेज, आणि समोरून ‘हो’. बस.

बिल मागा. दिलेल्या सेवेचं बिल किंवा पावती न देणं हे या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. बिलात जीएसटी लावला असेल तर नोंदणी क्रमांक बघा. तो १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ नं सुरू होतो. नुसती सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर सहसा त्याला नोंदणी लागत नाही. ज्याची नोंदणीच नाही त्याला गिऱ्हाईकाकडून जीएसटी घेता येत नाही. कंपोझिशन योजनेतल्याला, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरणाऱ्यालाही, बिलात वेगळा जीएसटी लावता येत नाही.

‘आमच्या संघटनेनं दर ठरवलाय, कमी होणार नाही’ हेही ऐकू येतं. संघटनेचा फलक म्हणजे सरकारी आदेश नव्हे. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्यांनी मिळून किंमत बांधणं २००२ च्या स्पर्धा कायद्याला मंजूर नाही. गावच्या सलूनवाल्यांवर कुणी दिल्लीत खटला भरावा असं मी सुचवत नाहीये. फक्त त्या फलकाला घाबरू नका. रिक्षाचं मीटरचं भाडं किंवा सेतू केंद्रातल्या दाखल्याचं शुल्क मात्र खरंच सरकारी यंत्रणेनं ठरवलेलं असतं. तिथे विचारत बसण्यापेक्षा दरफलक वाचायचा.

प्रकरण हाताबाहेर गेलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी. तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कारागीर दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

वकिलावरून आठवलं. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, त्यामुळे डॉक्टरांविरुद्ध आयोगात जाता येतं. वकिलांच्या बाबतीत मात्र मे २०२४ मध्ये याच न्यायालयानं उलट निकाल दिला. वकिलाची सेवा या कायद्याखाली येत नाही. तिथे नंतर तक्रार करायचा हा दरवाजा बंद असल्यानं आधी विचारून घेणं जास्त गरजेचं. फी संपूर्ण प्रकरणाची की तारखेची? कोर्ट फी, टायपिंग, नोटरी, येण्याजाण्याचा खर्च त्यातच की वेगळा? अपील झालं तर? आणि जमिनीच्या वाढीव मोबदल्याच्या दाव्यात ‘आत्ता काही देऊ नका, निकाल लागला की इतके टक्के द्या’ असं कुणी सुचवलं, तर बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम निकालावर अवलंबून फी ठरवू देत नाहीत, हे त्यांना नम्रपणे सांगा आणि ठोक आकडा लिहून मागा.